डाव्या अंगाचे जवस

मी जवसाची एक जुनी पिशवी आहे. किराणा दुकानातली नव्हे, मित्रांनो. माझा मुक्काम पालमच्या धुरपताबाईंच्या झंपरात, डाव्या अंगाला. तिथला स्तन कर्करोगामुळे काढावा लागला, पण बाई वाचल्या. मग त्यांनी जुन्या लुगड्याचा तुकडा शिवला, आत जवस भरले आणि मला जागेवर बसवले.

गावाने त्यांचे फार कौतुक केले. ‘वाचली म्हणजे सुटली’ असे म्हणून सगळे आपापल्या कामाला लागले. सुटले ते सगळे; बाई नाही. पाठ दुखली, खोकला आला, की त्यांचा हात छातीकडे जाई आणि ताटातली भाकरी तशीच राही.

धुतल्यावर मला चारचौघांत वाळत घालायची त्यांना लाज वाटे. म्हणून त्या मला ओल्या लुगड्याखाली दडवत. तिथे कसले ऊन लागणार? एका उन्हाळ्यात माझे जवस ओलसर राहून चिकटले, त्यांचा टणक गोळा झाला आणि तो जखमेच्या वणावर टोचू लागला. मला काढून ठेवले तरी वण हुळहुळत राही. बाईंना वाटले, आजार परतला.

परभणीला डॉक्टरकडे जायचे ठरले, तर मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतरासाठी बंद. दोन दिवस एसटी जागची हलली नाही. त्या दोन दिवसांत बाईंनी कोणते लुगडे कोणत्या लेकीला, हेही ठरवून टाकले.

धाकटी जाऊ सुलाबाई म्हणाली, “अक्का, लय इचार करायल्यात तुमी. देवाचं नाव घ्या.”

“देवाचं घेऊन झालं. आता एसटीचं घेते.”

तिसऱ्या दिवशी गाडी सुटली. डॉक्टरांनी बाईंना नीट तपासले, मग मला चाचपले.

“गाठ आहे, पण पिशवीत. तुम्हाला काही झालेलं नाही. उगाच भिता.”

बाई हसल्या नाहीत. “उगाच न्हाई, डाक्टरसाब. पहिल्या बारीलाबी समदे म्हनले हुते, काई न्हाई. भ्यावं का न्हाई ते माझं मी बघते. तुमी फुडची तारीख लिहा.”

डॉक्टरांनी तारीख लिहिली.

दुसऱ्या दिवसापासून मी भर अंगणात, दोरीवर. येणाऱ्याजाणाऱ्याने पाहावे आणि पुढे जावे.

मित्रांनो, अशा बाईला ‘भिऊ नका’ सांगू नका. ते सांगायला कष्ट पडत नाहीत, म्हणूनच सगळे सांगतात. तारखेला तिच्या शेजारी एसटीत बसा. ती भीत भीतच येईल. पण येईल.