पैलवानाचा घास

धाकटी जनावरांची निगा राखायचं शिकायला परदेशी निघाली, तेव्हा घरात सगळ्यांनी कपाळाला हात लावला. काका म्हणाले, "इथली कुत्री काय संपावर गेली होती?" थोरली ताई म्हणाली, "एवढ्या लांब जाऊन शी-शूच काढायची, तर माझ्याकडे ये. माझा पोरगा आहे की." बाबा काहीच बोलले नाहीत, म्हणजे त्यांची हरकत नव्हती. आई तेवढी म्हणाली, "जाऊ द्या तिला. मुक्या जिवाचं करणारं कुणीतरी लागतंच."

आणि ताईचं खोटं नव्हतं हो. सकाळी कॉलेजात वर्ग आणि दुपारी बेवारशी जनावरांच्या शेल्टरमध्ये काम, आणि काम म्हणजे नव्वद टक्के शी-शूच. एकदा एका बोक्यानं तिच्या कोटाच्या खिशात मुतून ठेवलं. परतीच्या बसमध्ये तिच्या शेजारची जागा शेवटच्या थांब्यापर्यंत रिकामी राहिली. एक हंस होता, तो तिला बघितलं की मान लांब करून मागं लागायचा. एक पोपट होता, तो मेलेल्या मालकासारखा खोकायचा. खोकला असा हुबेहूब, की पहिल्या दिवशी धाकटी पाण्याचा ग्लास घेऊन धावली. मग तिला कुणीतरी सांगितलं, तेव्हा ती तो ग्लास हातात धरून तशीच उभी राहिली.

शेल्टर म्हणजे एक लांबच लांब पत्र्याची शेड. दोन्ही अंगांना जाळीचे पिंजरे, मधून सिमेंटची वाट, कडेनं पाणी वाहून जायला नाली. सकाळी फिनेलचा वास, दुपारी ओल्या कुत्र्यांचा, संध्याकाळी दोन्हींचा. या सगळ्यावर हुकमत मोठ्या बाईंची. बाई वयानं साठीला टेकलेल्या, बोटं सांधेदुखीनं वाकडी झालेली, बोलणं मोजकं. पहिल्याच दिवशी त्यांनी धाकटीला सांगून टाकलं, "जनावरासमोर रडायचं नाही. आणि हातानं खायला घालायचं नाही. खाणं वाटीत, वाटी खाली, तू बाहेर."

"पण का, बाई?"

"कारण तू कायमची इथं नाहीस."

बाईंच्या छातीत काळीज आहे की बर्फाची लादी, असं धाकटीला वाटलं. तिनं मान हलवली. पटलं काही नाही.

एका दुपारी तो आला. बंद पडलेल्या दुकानाच्या कठड्याला कुणीतरी बांधून गेलं होतं. कुत्रा अंगानं मोठा, तपकिरी, आणि बरगड्या अशा की पेटीसारख्या वाजवाव्यात. उभं राहायचं म्हटलं तरी मागचे पाय लटपटायचे. धाकटीनं त्याला बघितलं आणि म्हणाली, "या पैलवान." तेच नाव पडलं.

पैलवान खाईना. वाटी ठेवली की तोंड भिंतीकडे करायचा. आणि शेल्टरचा कायदा सरळ होता. कुत्रं खायला लागलं, अंगानं भरलं, की त्याची परीक्षा व्हायची. पास झालं तर कुणाच्या तरी घरी जायचं. नापास झालं, किंवा परीक्षेपर्यंत पोचलंच नाही, तर बाहेरून येणाऱ्या डॉक्टरीणबाई त्याला कायमचं झोपवायच्या. पिंजरे थोडे, कुत्री फार. यात कुणाचा दोष नव्हता, पण धाकटीचा जीव त्या एका पिंजऱ्यात अडकला तो अडकलाच.

संध्याकाळी तिनं आईला फोनवर सांगितलं.

आई हसली. "जेवत नाही म्हणजे काय नवल? तू तरी कुठं जेवायचीस? शाळेत जायला लागलीस तरी मी मागं मागं फिरून भरवत होते. भरलेलं ताट बघून ज्याला धास्ती वाटते ना, त्याला हात लागतो. हातानं भरव."

"इथं चालत नाही गं."

"भुकेल्याला भरवायला कसली आलीय परवानगी? दार लाव आणि भरव."

दुसऱ्या दिवशी सगळे चहाच्या खोलीत गेले तेव्हा धाकटी पिंजऱ्यात शिरली, मांडी घालून बसली, वाटीतलं ओलं खाणं बोटांनी कालवलं आणि छोटासा घास केला. पैलवानानं हुंगलं आणि तोंड फिरवलं. तिनं हात तसाच धरून ठेवला. खांदा भरून आला तरी हलवला नाही. मग ते मोठं डोकं हळूच वळलं आणि गरम, खरखरीत जीभ तिच्या बोटांवरून फिरली. धाकटीला रडू आलं. जनावरासमोर रडायचं नाही, हा दुसरा नियमही त्याच दिवशी मोडला.

मग ते रोजचंच झालं. पैलवान आता वाटीकडे बघायचाच नाही, तिच्या हाताकडे बघायचा. हात वाटीकडे गेला की याची शेपूट सुरू. पुढं पुढं तर धीर धरवेना, घास वर यायच्या आत मनगटापर्यंत हात तोंडात घ्यायचा. "हावरट मेल्या, बोटं तरी ठेव," असं म्हणत ती हसायची. दात लागायचे, पण कधी ओरखडा नाही. पैलवानाच्या अंगावर मांस चढलं आणि धाकटीच्या अंगावर मूठभर जास्तच. बाई एकदा पिंजऱ्यापुढं थांबल्या, म्हणाल्या, "यानं चांगलं वजन धरलंय. परीक्षेला घेऊ." कसं धरलं, हे कुणी विचारलं नाही, आणि ती कशाला सांगतेय.

परीक्षेत काय असतं, हे तिला वर्गात शिकवलं होतं. अनोळखी माणूस, मोठा आवाज, दुसरं कुत्रं, आणि शेवटी वाटी. कुत्रं खात असताना एक लांब काठी पुढं करायची, तिच्या टोकाला रबरी हात. हात आधी पाठीवर फिरवायचा, मग वाटीपाशी न्यायचा. गुरगुरलं, चावलं, की संपलं. धाकटी निर्धास्त होती. मनाशी म्हणाली, पैलवानाला तर हाताची सवयच आहे, तो कसला गुरगुरतोय.

अहो, काय म्हणावं या पोरीला. समोर धडधडीत दिसत होतं आणि तिला ते उलटं दिसलं.

ती काचेपलीकडे उभी राहून बघत होती. अनोळखी माणसाला पैलवानानं शेपूट हलवून दाखवली. पत्र्याचा डबा आपटला तर दचकला आणि पुन्हा बसला. दुसऱ्या कुत्र्याकडे बघून जांभई दिली. बाईंनी वाटी ठेवली. तो खाईना, वाटच बघत राहिला. बाईंनी काठी पुढं केली, रबरी हात वाटीकडे निघाला, आणि पैलवानाचं तोंड उजळलं. त्यानं तो हात मनगटापर्यंत तोंडात घेतला. त्यात घास नव्हता. त्यानं ओढला, हिसडला, शोधला. रबराचं एक बोट तुटून फरशीवर पडलं.

काय झालं ते धाकटीला तिथल्या तिथं कळलं.

ती धावत बाईंच्या खोलीत गेली आणि सगळं सांगून टाकलं. चहाच्या वेळा, मांडी, घास, सगळं. "तो चावरा नाही, बाई. मीच त्याला हात खायला शिकवलं. मला काढून टाका, पण त्याच्यावर ठपका ठेवू नका."

बाईंनी चष्मा काढून डोळे चोळले. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

"तुला काढून त्याला काय मिळणार?" त्या म्हणाल्या. "आठवडा देते, मग पुन्हा परीक्षा. आता हातानं एक दाणाही नाही. तो खात असताना हात वाटीजवळसुद्धा न्यायचा नाही. आणि तो रबरी हात सरावाला मागू नकोस. कुत्रं रबर ओळखायला शिकतं, माणसाला नाही."

तो आठवडा धाकटीनं कसा काढला, तिचं तिला ठाऊक. वाटी ठेवायची, बाहेर यायचं, कोपऱ्यामागं उभं राहायचं, दोन्ही हात काखेत घट्ट दाबून. पैलवान जाळीशी येऊन कण्हायचा. तिच्या बाहीकडे बघायचा. आपलं काय चुकलं, असं विचारणारा तो चेहरा तिला बघवेना. सुरुवातीला वाटी तशीच परत यायची आणि बरगड्या पुन्हा दिसायला लागल्या. मग एका दुपारी चपचप आवाज आला. तिनं डोकावून बघितलं, तर पैलवान वाटीत तोंड घालून खात होता. तिनं भिंतीला पाठ टेकली आणि तिथंच खाली बसली.

आईचा फोन आला. "पैलवान काय म्हणतोय? झाला का पास?"

"परत घेणार आहेत परीक्षा."

"होईल गं पास. तुझ्या हातचं खाल्लंय त्यानं."

धाकटी हो म्हणाली. दुसरं काय म्हणणार? आईला खरं सांगायचं म्हणजे भरवण्याचा दोष तिच्या पदरात टाकायचा, आणि तेवढी ती निर्दय नव्हती.

परीक्षेच्या दिवशी पैलवान वाटीत तोंड घालून शहाण्यासारखा खात होता. रबरी हात पाठीवरून फिरला. खातच राहिला. काचेपलीकडून धाकटी बघत होती. हात वाटीपाशी आला. पैलवानानं मान वर केली, तो हात बघितला, आणि आठवडाभराचं सगळं वाट बघणं त्याच्या अंगात उसळलं. शेपूट नुसती गरगर फिरत होती. त्यानं झेप घेतली आणि हात असा ओढला की काठी बाईंच्या वाकड्या बोटांतून निसटून भिंतीवर आपटली.

"बाई, त्याची शेपूट बघा," धाकटी आत येऊन म्हणाली. "तो खूश झालाय हो. रागावला नाही."

"बघितली. पण उद्या एखादं लहान मूल वाटीकडे हात नेईल. त्याच्या हाताला शेपूट दिसणार नाही."

"मग मला द्या त्याला."

"ठेवशील कुठं?"

धाकटीच्या घरमालकाला खिडकीत फुलाची कुंडी चालत नव्हती. कोर्स संपल्यावर ती कुठं असेल, हे तिचं तिलाच माहीत नव्हतं. बाईंनी तिच्या उत्तराची थोडा वेळ वाट बघितली, खरंच बघितली. मग म्हणाल्या, "डॉक्टरीणबाई उद्या येतील. तू नसलीस तर त्याला तोंडाला पट्टा बांधून दोघं धरतील. घाबरेल तो. असलीस तर घाबरणार नाही. सक्ती नाही माझी."

बाईंच्या छातीत काय होतं, ते धाकटीला तेव्हा कळलं. त्याचा उपयोग काही नव्हता.

दुसऱ्या दिवशी ती आली. पैलवानाला तिनंच त्या खोलीत नेलं. चालताना तो तिच्या गुडघ्याला अंग घासत होता. टेबल थंड होतं, म्हणून तिनं आपला कोट खाली अंथरला. डॉक्टरीणबाई पायावरचे केस काढून शीर बघत होत्या. त्यांचा हात अगदी तोंडाजवळ होता, आणि पैलवान तो चाटत होता.

"हा चावरा?" त्यांनी विचारलं.

मोठ्या बाई बाहेर गेल्या आणि वाटी घेऊन आल्या. मांसाचं चांगलं, ओलं खाणं. ती त्यांनी धाकटीपुढं ठेवली.

"भरव," त्या म्हणाल्या.

धाकटीनं घास केला. पैलवानानं या वेळी हात ओढला नाही, हिसडला नाही. इतक्या दिवसांनी मिळालेला तो घास त्यानं नुसत्या ओठांनी उचलला, एक दातही लागू न देता. दुसराही तसाच. आता कुणी काठी पुढं केली असती तर पास झाला असता, असं तिच्या मनात आलं आणि तिला स्वतःची शिसारी आली.

"हं," डॉक्टरीणबाई हळूच म्हणाल्या आणि शिरेत सुई टोचली.

तिनं तिसरा घास दिला. पैलवानानं तो घेतला, तिच्याकडे बघितलं, आणि डोकं तिच्या तळहातावर टेकलं. जड झालं. शेपूट एकदा हलली, मग नाही हलली.

डॉक्टरीणबाईंनी छातीला नळी लावून ऐकलं आणि मान हलवली. त्या हात धुवायला गेल्या. बाई दारात पाठमोऱ्या उभ्या राहिल्या.

शेवटचा घास त्याच्या तोंडात तसाच राहिला होता. धाकटीनं त्याचा जबडा उघडला, बोट आत घालून तो काढला आणि वाटीत ठेवला. मग फडकं ओलं करून त्याचं तोंड पुसलं.