जवळ कोण होतं

दिव्यानीने पर्समधून लायसन काढून हवालदारांच्या टेबलावर ठेवलं. त्यांनी ते उलटंपालटं करून पाहिलं आणि नंबर उतरवून घेतला. घरात लायसन असलेली ती एकटीच.

गाडी वडिलांच्या, गुणवंतरावांच्या नावावर होती. सकाळी मूल गावाच्या रस्त्याने ती धाकटा भाऊ गोपाल चालवत होता. त्याच्या लर्निंगची मुदत दिवाळीतच संपलेली. जंगलातल्या वळणावर मोहफुलं वेचून सायकलने परतणाऱ्या गावातल्या लटारूला त्याने मागून उडवलं. अर्ध्या तासाने लटारूने रस्त्याकडेलाच प्राण सोडला.

विनालायसन माणूस गाडीवर होता असं निघालं तर विमावाले हात वर करतील, पोरगा आत जाईल आणि त्याच्या हाती गाडी दिली म्हणून आपल्यावरही केस होईल, असं गुणवंतरावांनी दिव्यानीला दुपारभर समजावलं. मुलीच्या जातीला पोलीस फार ताणत नाहीत, असंही म्हणाले. आई भाकरी थापत राहिली.  दिव्यानीने चपला घातल्या.

आता गाडी आपणच चालवत होतो, असा तिचा जबाब लिहून झाला होता. सही करायला तिने पेन घेतलं, तेवढ्यात लटारूची बायको मनकर्णा आत आली. सरकारी दवाखान्यात कागदावर अंगठा देऊन ती थेट ठाण्यात आली होती. शाई अजून बोटाला होती. गुणवंतरावांनी हात जोडले. तिने तिकडे पाहिलं नाही.

"गाडी तूच चालवत होती काय?"

दिव्यानीने मान डोलावली.

मनकर्णा तिच्या शेजारी बाकावर बसली. आवाजात राग नव्हता.

"मंग जवळ तूच होती. शेवटी काही बोलले काय ते?"

दिव्यानीने वडिलांकडे पाहिलं. ते फरशीकडे पाहत होते. तुमचं नाव घेतलं, एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. शब्द ओठांवर आलेही. मनकर्णा ते घरी नेणार होती आणि जन्मभर सांभाळणार होती.

तिने पेन खाली ठेवलं.

"मले नाई मालूम, काकू. मी तिथं नव्हती."

"दिव्या," गुणवंतराव हळू म्हणाले.

हवालदारांनी मान वर केली. मनकर्णाला काही उमगलं नव्हतं. ती अजून उत्तराची वाट पाहत होती. दिव्यानीने खिडकीबाहेर बोट दाखवलं. कडुलिंबाखाली गोपाल गुडघ्यांत डोकं घालून बसला होता.

"त्याले विचारा."

मनकर्णा उठली, पायऱ्या उतरली आणि आवारातून चालू लागली. तिला येताना पाहून गोपाल उभा राहिला.