थंडीत लांबणारा मंत्र

"घट्ट झालं! बघा, घट्ट झालं!"

हॉलभर एकच गलका उडाला. दगडबाबांनी वाटी उपडी धरली होती. मघाशी पाण्यासारखं डुचमळणारं तीर्थ आत दगडासारखं बसलं होतं.

"हात लावा! ऊब लागतेय ना? देव आत उतरलाय. पातळ पातळ, पाताळात जा! घट्ट घट्ट, हाडात ये!"

मागे भिंतीला टेकलेली वहिनी बाळाला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेत होती. बाळाला दात येत होते, त्यामुळे दोघांनाही झोप नव्हती. सुट्टीच्या दिवशी अंथरूण सोडून ती इथे आली होती ती शेजारी उभ्या असलेल्या नणंदेच्या लेकीसाठी. पोरीची हाडं ठिसूळ. पलंगावरून उतरताना हात मोडला, तो आता प्लास्टरमध्ये. आणि तिचं औषध बाबांनी बंद करवलेलं. आधीच्या पाळीला थिजलेल्या तीर्थाचा दगड बाबांनी तिच्या उशीखाली ठेवायला दिला होता, आणि दगड नि औषध एका घरात नांदत नाहीत म्हणे!

"ताई, औषध सुरू करा हो," वहिनी पुन्हा एकदा म्हणाली.

"तू कारखान्यात डिंक बनवतेस. तुला देवाचं काय कळणार?"

डिंकाचं मात्र कळत होतं. धुपाच्या आडून येणारा तो उग्र वास कारखान्याच्या प्रयोगशाळेतून रोज तिच्या केसांत बसून घरी येई. ॲक्रिलेट, डिंकाचा पातळ कच्चा माल. शिवाय नणंदेबरोबर इथे येऊन येऊन एक गोष्ट तिच्या ध्यानात आली होती. भर उन्हात बाबांचा मंत्र चटकन आटपायचा. गारठ्याच्या सकाळी बिचारे घसा खरवडत बसायचे. देवाला काय थंडी वाजते?

वाटी ज्याने त्याने घरून आणायची, हा बाबांचाच नियम. आज पाळी नणंदेच्या लेकीची होती. वहिनीने पिशवीतून जाडजूड दगडी खल काढला. तो रात्रभर फ्रीझरमध्ये होता.

बाबांचा हात खलाला लागला आणि मागे आला. "हा गार का?"

"घरचाच आहे, बाबा. नियम तुमचा."

बाबांनी दोन कुप्यांतलं तीर्थ खलात ओतून ढवळलं आणि मंत्र सुरू केला. म्हटला. पुन्हा म्हटला. आवाज बसला, पाणी मागवलं, पुन्हा म्हटला. तीर्थ आपलं डुचमळतच होतं. पुढच्या रांगेत कुणीतरी जांभई दिली.

"इथे कुणीतरी अश्रद्ध उभं आहे!" बाबा गरजले.

"आहे ना. मीच," वहिनी पुढे झाली. "मी इथेच थांबते. तुम्ही फक्त गप्प बसा."

तिने खलातलं तीर्थ स्टीलच्या वाटीत ओतलं. बाळाच्या दुधासाठी आणलेलं थर्मासमधलं गरम पाणी एका भांड्यात घेऊन वाटी त्यात ठेवली.

"विटाळ! विटाळ!" बाबा ओरडले.

"बघू तर द्या हो!" मागून कुणीतरी बोललं.

आता मंत्र नव्हता, नुसती बाळाची किरकिर होती. तीर्थ मधासारखं झालं आणि बघता बघता थिजलं. नणंदेने बोट लावलं. आत कडक आणि गरम, वरून मात्र चिकट.

"हवा लागते तिथे ते नीट घट्ट होत नाही," वहिनी म्हणाली. "यातले बारीक कण एकमेकांचे हात धरून लांब साखळ्या करतात. दुसऱ्या कुपीतून त्याची ठिणगी पडते. पण साठवणीत आपोआप घट्ट होऊ नये म्हणून कारखान्यातच यात एक राखणदार घालतात. तो पहिल्या ठिणग्या गिळून टाकतो. तो संपेपर्यंत काहीच होत नाही. मंत्र तेवढ्या वेळाचा. मग साखळ्या भराभर वाढतात, ऊब सुटते, उबेने वेग आणखी वाढतो. गारठ्यात ठिणग्याच कमी पडतात, म्हणून बाबांचा घसा बसतो."

एक आजोबा तिच्या पायाशी वाकले. "पोरी, तुझ्याही हातात शक्ती आहे गं!"

वहिनीला हसू यावं की रडू, कळेना. "आजोबा, पाय नका धरू, वाटी धरा. गरम पाणी घ्या आणि स्वतः करून बघा. मनात मला शिव्या दिल्यात तरी होईल."

गर्दी वाटीभोवती गोळा झाली. बाबा कुप्या गोळा करू लागले.

नणंद मात्र हलली नव्हती. "मग माझ्या पोरीची हाडं?" तिने हळूच विचारलं.

"त्यांना हे लागत नाही, ताई. त्यांचं औषध लागतं, आणि वेळ लागतो. मी येईन ना तुमच्याबरोबर डॉक्टरांकडे."

नणंदेने बाळाला आपल्या खांद्यावर घेतलं. वहिनीचा हात कितीतरी वेळाने मोकळा झाला.

दारात पोरीने विचारलं, "मामी, उशीखालच्या दगडाचं काय करू?"

"कागद उडू नयेत म्हणून त्यांच्यावर ठेव. आणि पुन्हा कुणी चमत्कार दाखवला, तर हात जोडण्याआधी विचार: हे थंडीतही होतं का?"