आठवड्याला वीस तास

मित्रांनो, ज्या घरात कुलूप लागणारे कपाट असते, त्या घरात माझी फारशी गरज पडत नाही. मी कागद ठेवायची एक जुनी फाइल आहे, प्लास्टिकची, एका बटणाची. नवी होते तेव्हा मी निळी होते. आता माझा रंग कोणता, हे मलाही सांगता येणार नाही. माझ्या पोटात कागद घालायचे, झडप दुमडायची आणि बटण दाबायचे. टक् असा आवाज झाला की कागद सुखरूप राहिले, असे माणसांना वाटते.

माझ्या जन्माबद्दल सांगण्यासारखे काही नाही. एका यंत्रातून आम्ही मिनिटाला चाळीस जणी बाहेर पडत होतो. गरम होतो, मग थंड झालो, मग शंभराच्या गठ्ठ्यात बांधल्या गेलो. पुढे मी एका स्टेशनरीच्या दुकानात आले. दुकानासमोरच मदत योजनेची कचेरी होती. रस्ता ओलांडून येणाऱ्या माणसाच्या चेहऱ्याकडे पाहूनच दुकानदार हात वर करून माझ्यासारखी एक फाइल काढायचा. माणसाने तोंड उघडायचीही गरज नसे.

मला धाकटीने विकत घेतले. धाकटी म्हणजे कोणी लहान मुलगी नव्हे, चाळिशीची बाई. चार भावंडांत शेवटची म्हणून घरात पडलेले नाव तिला आयुष्यभर चिकटले. मोठी तिघे दूर गावी संसाराला लागली होती आणि फोन मात्र नेमाने करत होती. धाकटी एका लाँड्रीत इस्त्री करायची. तिच्यासारखी कॉलर कोणाला दाबता येत नाही, असे तिचा मालक गिऱ्हाइकांना सांगायचा. मग तिच्या आईची स्मरणशक्ती हळूहळू जाऊ लागली. आई गॅसवर रिकामे भांडे ठेवून विसरायची. दाराबाहेर पडली की परत यायचा जिना तिला सापडायचा नाही. तिसऱ्यांदा कोणा अनोळखी माणसाने तिला हाताला धरून घरी आणून सोडले, तेव्हा धाकटीने लाँड्री सोडली.

घरी बसून आईचे करणाऱ्या बाईला तेव्हा योजनेतून मदत मिळायची. महिन्याचे धान्य आणि खात्यात थोडी रक्कम. त्यासाठी कागद लागत आणि त्या कागदांसाठी मी.

मित्रांनो, ती माझी चांगली वर्षे होती. चार नंबरच्या खिडकीत एक चष्मेवाल्या बाई बसायच्या. लोक त्यांच्यासमोर पिशव्या उलट्या करायचे आणि चुरगळलेले कागद पसरायचे. धाकटी मला उघडायची आणि एकेक कागद मागितल्याबरोबर पुढे करायची. बाई एकदा म्हणाल्या होत्या की सगळ्यांनी असे कागद लावून आणले तर त्यांच्या मानेचे दुखणे निम्म्याने कमी होईल. मला ते फार बरे वाटले होते.

पुढे नियम बदलू लागले. वर्षाला लागणारा दाखला सहा महिन्यांनी लागू लागला. मग घरमालकाचे पत्र, मग आईच्या डॉक्टरांचे, मग तेच पत्र नव्या नमुन्यात. दर बदलाला मी जाड होत गेले. धाकटीने कधी कुरकुर केली नाही. ती भिंतीवरची नोटीस वाचायची, कागद गोळा करायची आणि रांगेत उभी राहायची.

एके दिवशी भिंतीवर वेगळीच नोटीस लागली. साठीच्या आतल्या प्रत्येकाने आठवड्याला वीस तास काम केलेच पाहिजे आणि ज्याच्याकडे काम केले त्याची सही आणली पाहिजे. स्वतःच्या कुटुंबातील व्यक्तीची देखभाल हे काम धरले जाणार नाही.

धाकटीने खिडकीशी जाऊन विचारले की आईला एकटीला टाकून वीस तास कुठे जायचे. बाईंनी चष्मा वर सरकवला.

"मला कळतंय हो. पण सख्ख्या आईचं केलं तर ते काम नाही धरत आता."

"आणि परक्या माणसाचं केलं तर?"

"मग धरतात."

रांगेत धाकटीच्या मागेच वरच्या वहिनी उभ्या होत्या. त्या धाकटीच्या खोलीच्या बरोबर वरच्या खोलीत राहायच्या आणि त्यांच्या अंथरुणाला खिळलेल्या सासऱ्यांना सांभाळायच्या. त्यांनाही तेच उत्तर मिळाले. दोघी बरोबरच घरी निघाल्या. पहिल्या मजल्याच्या वळणावर वहिनी थट्टेने म्हणाल्या, तू माझ्या सासऱ्यांना घे, मी तुझ्या आईला घेते. दोघी हसल्या. दाराशी पोहोचेपर्यंत त्यांचे हसणे थांबले होते, आणि वहिनी जिना चढून वर न जाता धाकटीच्या घरात येऊन बसल्या.

दुसऱ्या आठवड्यात दोघींचे अर्ज खिडकीत गेले. धाकटी वहिनींच्या सासऱ्यांची देखभाल करणार होती आणि वहिनी धाकटीच्या आईची. सोमवार ते शुक्रवार, सकाळी दहा ते दुपारी दोन. मोबदल्याच्या रकान्यात दोघींनी एक वेळचे जेवण असे लिहिले होते. बाईंनी दोन्ही अर्ज शेजारी शेजारी ठेवले. पत्ता एकच इमारत, नावे उलटसुलट. त्यांनी चष्मा काढला, पदराने पुसला आणि परत लावला.

"नियमात बसतंय," त्या म्हणाल्या. मग आवाज खाली आणून त्यांनी बजावले की कागदावर जे लिहिले ते घरात दिसले पाहिजे, तपासायला माणसे येतात.

म्हणून ते घरात दिसू लागले. रोज दहाला वहिनी खाली यायच्या आणि धाकटी मला बगलेत धरून वर जायची. कोण कधी कागद मागेल याचा नेम नव्हता.

वहिनींचे सासरे आयुष्यभर बस चालवून निवृत्त झालेले. इमारतीत त्यांना सगळे ड्रायव्हर आजोबा म्हणत. कुशीवर वळवायची वेळ आली की ते म्हणायचे, "डबल दे." मग धाकटी चमच्याने पेल्यावर दोनदा टणटण वाजवायची आणि गाडी हलायची. डबल मिळाल्याशिवाय ते अंग सैल सोडायचे नाहीत. त्यांनी कधी तिचे नाव विचारले नाही. ही नवी कंडक्टर आहे एवढे त्यांना पुरेसे होते.

खाली मात्र आई वहिनींच्या हातून खायला तयार नव्हती. पहिला आठवडा ती ओठ मिटून बसली आणि दाराकडे बघत राहिली. मग वहिनींना एक युक्ती सुचली. खुंटीवर धाकटीचा जुना तपकिरी स्वेटर होता, तो त्यांनी अंगात घातला. आईने बाहीला हात लावून पाहिला, बाहीचा वास घेतला आणि तोंड उघडले. तेव्हापासून वहिनी उन्हाळ्यातही रोज चार तास तो स्वेटर घालून असायच्या. घामोळ्यांनी त्यांची मान लाल झाली होती.

वरच्या खोलीत खालचे सगळे ऐकू यायचे. "धाकटे," अशी आईची हाक जमिनीतून वर यायची. सुरुवातीला धाकटीचा हात पातळ भाताच्या वाटीवर थांबायचा. पुढे थांबेनासा झाला. ती भरवत राहायची. मी समोरच्या खुर्चीवरून बघत असे. तिच्या चेहऱ्यावर काही दिसत नसे. माणसालाही प्लास्टिकसारखे होता येते, हे मला तेव्हा कळले.

असे सात महिने गेले.

एका मंगळवारी अकराच्या सुमाराला तपासणीचा माणूस आला. तरुण होता, कपाळावर हेल्मेटचा वळ होता. त्या दिवशी त्याला अकरा घरे करायची होती आणि हे चौथे होते. पाणी मागून घेऊन तो आजोबांच्या पलंगाच्या कडेला बसला आणि त्याने मला उघडायला लावले. धाकटी एकेक कागद पुढे करू लागली.

जिन्यातून वहिनींची हाक आली. "धाकटे, जरा खाली येतेस का? आई बोलावतायत."

आई रोजच बोलवायची. धाकटीने त्या माणसाकडे पाहिले.

"जायचं असेल तर जा ताई," तो म्हणाला. "फक्त कामाच्या वेळेत तुम्ही जागेवर नव्हता, असं मला लिहावं लागेल."

तो धमकी देत नव्हता. त्याला खरेच लिहावे लागले असते. धाकटीने दाराशी जाऊन पाच मिनिटांत येते असे सांगितले आणि परत येऊन बसली. सात ठिकाणी सह्या करायच्या होत्या. मग त्याने सात महिन्यांच्या तासांची बेरीज केली. ती एकदा चुकली, म्हणून परत केली. मध्ये वहिनींची आणखी एक हाक आली, ती अर्धीच आली. शेवटी सगळे व्यवस्थित आहे असे म्हणून तो उठला, आणि आजोबांनाही नमस्कार करून गेला.

धाकटी मला घेऊन खाली आली. आई खुर्चीत होती. तिचे डोके वहिनींच्या खांद्यावर, तपकिरी स्वेटरवर होते. वहिनी हलत नव्हत्या.

"मी आहे ना, मी आहे इथंच, असं म्हणत राहिले गं," वहिनी म्हणाल्या. "त्यांना वाटलं तूच आहेस."

धाकटी उभीच होती. तिने विचारले, "जेवली का?"

"चार घास खाल्ले."

धाकटीने मान डोलावली. मग तिने मला टेबलावर ठेवले आणि आईच्या पायांतल्या चपला काढून एकीशेजारी एक नीट लावल्या.

भावंडे आली. रडली, तीन दिवस राहिली आणि गेली. धाकटी रडली नाही. ती सगळ्यांच्या चादरी घड्या करत होती, कडेला कड जुळवून. वहिनींनी स्वेटर धुऊन परत आणला, तोही तिने घडी करून ठेवला.

घरात काही बदल झाला तर दहा दिवसांच्या आत कळवायचे, असा नियम होता. नवव्या दिवशी धाकटी खिडकीत गेली. बाईंनी मृत्यूचा दाखला वाचला. मग त्यांनी समजावून सांगितले. धाकटीचे आजोबांकडचे काम चालू होते, त्यामुळे तिची मदत चालू राहणार. वहिनी जिचे काम करत होत्या ती मात्र आता नव्हती. महिनाअखेरीला वहिनींची मदत बंद होणार होती.

धाकटीने विचारले, "मला सांभाळायला कोणाला ठेवता येईल का?"

बाईंनी तिच्याकडे पाहिले. "तुम्हाला काय होतंय?"

धाकटीने खूप विचार केला. मागची रांग चुळबुळ करू लागली.

"काही होत नाही," ती म्हणाली.

"मग नाही बसत नियमात."

तिथून धाकटी घरी गेली नाही. ती तडक लाँड्रीत गेली. मालकाला तिला पाहून आनंद झाला. तिच्या टेबलावर त्याने गठ्ठे रचून ठेवले होते, ते तो घाईघाईने खाली उतरवू लागला. पूर्ण दिवसाचे काम देतो म्हणाला. मग कुठल्या रांगेत उभे राहायला नको, कोणाच्या सह्या नकोत. धाकटीने त्याला सांगितले की काम तिला नको आहे, तिच्या वरच्या वहिनींना हवे आहे, दहा ते दोन. तो नाराज झाला. तू का येत नाहीस, असे त्याने दोनदा विचारले. आजोबांना माझी सवय झालीय, एवढेच ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी तिने वहिनींना नेले आणि कॉलर आधी उलटी कशी दाबायची, टोकाकडून मध्याकडे कसे यायचे, हे शेजारी उभे राहून शिकवले.

महिना संपायच्या आत वहिनींच्या अर्जावर लाँड्रीच्या मालकाची सही आली. त्यांची मदत थांबली नाही. धाकटी रोज दहाला वर जात राहिली. मित्रांनो, ज्या घरी आता तिची वाट पाहणारे कोणी नव्हते, ते घर कुलूप लावून ती दुसऱ्याच्या सासऱ्यांना भरवायला जायची. तिला काय वाटत होते, ते तिने कोणाला सांगितले नाही. आजोबा डबल मागायचे, ती डबल द्यायची.

पाच महिन्यांनी तिच्या नावाचे एक पत्र आले. कचेरीचे होते. तिने ते उभ्याउभ्याच वाचले. नियमात सुधारणा झाली होती. पत्रात लिहिले होते, 'आपल्या मातोश्रींच्या देखभालीचे आठवड्याला वीस तास यापुढे काम म्हणून ग्राह्य धरण्यात येत आहेत. त्यासाठी आपणांस अन्यत्र काम करण्याची आवश्यकता नाही.'

मृत्यूचा दाखला चार नंबरच्या खिडकीत दिला होता. पत्र दुसऱ्या कुठल्या तरी टेबलावरून निघाले होते.

संध्याकाळी वहिनी तसलेच पत्र घेऊन खाली आल्या, त्यांचे सासऱ्यांसाठीचे. आता काय करायचे, असे त्यांनी विचारले. धाकटी म्हणाली, "तुमचा हात कॉलरला बसलाय आता. राहू दे." वहिनी दोन पावले पुढे आल्या, पण धाकटीने तोवर मला हातात घेतले होते. तिने ते पत्र माझ्यात, मृत्यूच्या दाखल्याच्या मागे घातले. माझे बटण मागेच तुटले आहे. तिने माझ्याभोवती एक रबर लावले आणि मला खिळ्याला अडकवले.

मी अजून तिथेच आहे. मला फारसे कोणी उघडत नाही. बाकीच्या जुन्या वस्तू शेवटी म्हणतात, आम्हाला जपा, आम्हाला फेकू नका. मी तसे म्हणणार नाही. मी प्लास्टिकची आहे. तुम्ही मला कुठेही फेका, तुमच्या नातवंडांच्या नातवंडांनाही मी सापडेन. माणसे तेवढी टिकत नाहीत. म्हणून माझे मागणे एवढेच आहे. तुमच्या घरातून कोणी हाक मारली, आणि ती रोजचीच हाक आहे असे तुम्हाला वाटले, तरी हातातला कागद तसाच टाकून उठा. कागद थांबतो.