दोन गाळ्यांमधला हौद

मी एक जुना सिमेंटचा हौद आहे. रबाळ्याच्या एमआयडीसीत दोन गाळ्यांच्या मधोमध पडून आहे. आता अंगावर शेवाळ धरलंय. पण मित्रांनो, नव्वदच्या दशकात माझ्यावाचून या दोन्ही गाळ्यांचं पान हलत नसे.

डावीकडे बदरुद्दीनभाईंचा कारखाना. ते मूळचे उरणचे. होडीत साचलेलं पाणी उपसणारे पंप ते बनवत. उजवीकडे जयमालाबाई त्या पंपांच्या रबरी रिंगा बनवत. हौदापुरती जागा एकाकडेही नव्हती, म्हणून दोघांनी मिळून मला बांधलं. पंपात हवा भरून तो माझ्या पाण्यात बुडवायचा. बुडबुडा आला की समजायचं, गळतोय.

आपला माल आपण तपासायचा नाही, असा त्यांचा नेम होता. आपल्या मालाला आपले डोळे लगेच माफ करतात, असं बदरुद्दीनभाई म्हणत. म्हणून त्यांचा पंप पाण्यात असला की ते रस्त्याकडे तोंड करून उभे राहत आणि जयमालाबाई पाहत. रिंगांची पाळी आली की उलट.

सुरुवातीला बाई फटकळ होत्या. "गळतोय," म्हणून मोकळ्या होत. बदरुद्दीनभाई धुसफुसत आत जात. पण डिझेल लागून रिंग फुगते हे त्यांनीच बाईंना दाखवलं आणि बाईंनी रबराचं मिश्रण बदललं. रिंग कुठे चिमटते हे बाईंनी दाखवलं, तेव्हा भाईंनी पंपाची खाच नव्याने कापली. जी फसलेली कामं कोणी बाहेर दाखवत नाही, ती ते माझ्या काठावर उघडी मांडत. बघता बघता उरणजवळच्या करंजा बंदरातल्या होड्यांवर तो नवा पंप दिसू लागला. मला फार अभिमान वाटे.

पुढे घरोबा वाढला. ईदचा शीरखुर्मा इकडे आला, गणपतीचे मोदक तिकडे गेले. आणि बाईंची जीभ हळूहळू मवाळ झाली.

बदरुद्दीनभाईंच्या मुलीचं, नूरीनचं लग्न तोंडावर आलं होतं. त्याच दिवसांत करंजाच्या धर्मराज तांडेल या मच्छीमाराच्या होडीचा पंप माझ्यात उतरला. रिंगेच्या खाचेतून एक बारीक बुडबुडा वर आला. बाईंनी तो पाहिला. मग पाठमोऱ्या भाईंकडे पाहिलं. घरात कार्य, माणूस धावपळीने दमलेला. आता याला पुन्हा पंप कुठे खोलायला लावायचा? भिडेपोटी त्या ठीक आहे म्हणाल्या. मित्रांनो, मला बोलता आलं असतं तर मी ओरडलो असतो.

काही महिन्यांनी धर्मराज आला. बस म्हटलं तरी बसला नाही.

"होडीन पानी भरला. पंप चालू होता, पन उपसत नव्हता. मानसं वाचली. होडी गेली."

तो भांडला नाही, तसाच निघून गेला. बदरुद्दीनभाईंनी बाईंच्या पांढऱ्या पडलेल्या चेहऱ्याकडे पाहिलं.

"बाई, तुमी बघितलेलं ना?"

"हो."

"मग बोल्ला का नाय?"

"नूरीनचं लग्न होतं, भाई. माझ्याच्याने सांगवलं नाही."

ते माझ्या काठावर बसले. मग हळूच म्हणाले, "आपली वळख नव्हती तेव्हा तुमी मला खरं सांगायच्या."

बाई पदराने डोळे पुसत राहिल्या. मला वाटलं, आता मधे भिंत उभी राहणार. ती उभी राहिली नाही. धर्मराजला दुसऱ्याच्या होडीवर कामाला जावं लागलं होतं. त्याच्यासाठी जुनी होडी शोधण्यापासून दोघं कामाला लागले. तिच्यासाठी केलेला पंप माझ्यात उतरला, तेव्हा बाई माझ्यावर वाकून पाहत होत्या.

"गळतोय, भाई," त्या म्हणाल्या.

बदरुद्दीनभाई वळले, त्यांनी पंप बाहेर काढला आणि मान डोलावून तो खोलायला आत नेला.

मित्रांनो, मला घासूनपुसून ठेवा, असं मागणं माझं नाही. शेजार जपा, घरोबा जपा. पण आपल्या माणसाच्या कामात खोट दिसली तर ती त्याला सांगा. त्याला वाईट वाटेल, वाटू द्या. धर्मराजची पहिली होडी अजून समुद्राच्या तळाशी आहे.