आढ्याच्या वर

पालागाने कुऱ्हाड मागितली तेव्हा नुत्सूने ती पाठीमागे लपवली. लपवणार कुठे? माणूस एवढासा आणि दांडा तीन फुटांचा!

"वहिनी, छपराला हात लावू नकोस. दादानं एकेक फळी स्वतः फोडलीय. घरी आला की तुझा जीव घेईल."

"घेऊ दे की. आधी त्याला उठून चालता तर येऊ दे."

तिचा नवरा ग्रिगोरे तीन आठवडे शहरातल्या इस्पितळात पडून होता. शनिवारी घरी येणार होता. डॉक्टरीणबाईंनी पालागाला बाजूला घेऊन सरळ सांगितलं होतं, "घरातला धूर बंद करा, नाहीतर हा हिवाळा तो काढणार नाही." आज गुरुवार होता.

गावातल्या सगळ्या घरांसारखं याही घराचं धुराडं पोटमाळ्यावरच संपायचं. धूर तिथे कोंडायचा, टांगलेल्या डुकराच्या मांसाला लागायचा आणि मग फळ्यांच्या फटींतून सावकाश बाहेर पडायचा. त्या धुरामुळे लाकडाला कीड लागत नाही, छप्पर पिढ्यान्‌पिढ्या टिकतं. पण तोच धूर माळ्याखालच्या लाकडी तक्तपोशीतून खोलीतही झिरपायचा, आणि ग्रिगोरेची छाती जन्मभर तो पीत आली होती.

"धूर तोडलास तर पाच वर्षांत छप्पर कुजेल. दादा तुला शिव्या घालेल," नुत्सू म्हणाला.

"शिव्या घालायला श्वास लागतो, भावजी. धुराडं थेट छपरातून बाहेर काढायचंय, आण ती कुऱ्हाड."

तिने मांस उतरवून जावेकडे पोचवलं. जुन्या धुराड्यात हात घालून डांबरासारखी चिकट काजळी खरवडली. चार घमेली निघाली. बाजारातून आणलेली दार लागणारी लोखंडी शेगडी दोघांनी ढकलत जागेवर नेली. मग ती माळ्यावर चढली आणि आढ्याजवळच्या फळीवर घाव घातला. पहिल्या घावाला मात्र तिला रडू आलं. ही फळी फोडताना ग्रिगोरे काय शीळ घालायचा! तिने नाक पुसलं आणि दुसरा घाव घातला.

शुक्रवारी विटा चढल्या. लाकूड आणि विटा यांच्यामध्ये चार बोटं जागा सोडून तिने वरून पत्रा मारला. छपरातून हातभर विटा वर आल्यावर नुत्सू म्हणाला, "झालं की! आकाश दिसलं, आता आणखी किती?" गावात कुणी कधी छपरातून धुराडं काढलंच नव्हतं. पालागालाही ते पुरेसं वाटलं.

शनिवारी ग्रिगोरे फाटकाशीच थांबला. छपराकडे बघत राहिला. मग एक शब्द न बोलता आत येऊन खाटेवर बसला. पालागाने शेगडी पेटवली. घटकाभर धूर नीट वर गेला, आणि मग डोंगरावरून वारा उतरला. शेगडीच्या फटींतून भसकन धूर खोलीत आला. ग्रिगोरे खोकायला लागला, ओठ निळे पडले. पालागाने दारं-खिडक्या सताड उघडल्या, त्याला धरून अंगणात आणून बसवलं, घोंगडी पांघरली. जळती लाकडं चिमट्याने उचलून चिखलात फेकली.

"सांगत होतो मी..." नुत्सूने सुरुवात केली.

"विटा दे वर!" ती शिडीवर चढलीसुद्धा. तिने माती थापली आणि वीट ठेवली. एक थर, दोन थर.

"झालं का गं, बये?" खालून बारीक आवाज आला. घरी आल्यापासून नवऱ्याचा हा पहिला शब्द. "आढ्याच्या वर काढ! वारा आढ्यावरून घसरतो, तो धूर खाली दाबतो. शहरातली धुराडी कधी मान वर करून बघितली नाहीस?"

"मग आल्या आल्या का नाही सांगितलंस?"

"माझं छप्पर फोडलंस. राग आला होता."

तिने आणखी चार थर चढवले. धुराडं आढ्याच्या वर वीतभर गेलं, तेव्हा त्याने हात वर करून बास म्हटलं.

"पाच वर्षांत कुजेल हे," तो म्हणाला, दम खात खात.

"मग पाच वर्षांनी नव्या फळ्या फोडायला मला तूच लागशील," पालागा वरूनच ओरडली. "तोवर मरायचं नाही. कळलं?"

ग्रिगोरेने घोंगडी गळ्यापाशी ओढून घेतली. "ओरडू नकोस," तो म्हणाला. "कळलं."