एकही ससा नाही

“मनकर्णाबाई, ससा जरा छातीशी धरा. आणि हसा,” मॅनेजर रविराज म्हणाला. फोटोवाल्याने कॅमेरा रोखला.

मनकर्णा हसली नाही. नगरच्या एमआयडीसीतल्या या कंपनीत तिची उमेदीची वर्षं ससे धरण्यात गेली होती. आधी सशाला टोचायचं, मग काही आठवड्यांनी त्याच्या कानाच्या शिरेतून रक्त घ्यायचं. त्या रक्तातल्या प्रतिपिंडांवर माणसांचे आजार ओळखणारी किट चालायची. रविराज सशांच्या या खोलीत नाकाला रुमाल लावूनच यायचा. आज फोटोपुरता रुमाल खिशात होता.

“आता अ‍ॅप्टामर आलेत,” प्रयोगशाळेतल्या राजेश्वरीमॅडमनी तिला मागेच सांगितलं होतं. “डीएनएचे बारीक धागे. यंत्रात बनतात आणि प्रतिपिंडांसारखेच नेमके चिकटतात. प्राणी लागत नाही.”

“लई चांगलं झालं की,” मनकर्णा मनापासून म्हणाली होती. “मंग ह्ये कुठं जायचे?”

ते आज कळलं. फोटो झाल्यावर रविराज म्हणाला, “दुपारी नव्या अ‍ॅप्टामर विभागाचं उद्घाटन आहे. त्याआधी सगळे संपवून टाका. इंजेक्शनवाला आलाय.”

“सर, दत्तक देता येतात. मी बोलले होते,” राजेश्वरीमॅडम पुटपुटल्या.

“त्यासाठी खेटे कोण घालणार?”

“मी नेते की घरला,” मनकर्णा म्हणाली.

“आणि रस्सा कराल!” स्वतःच्याच विनोदावर तो खो खो हसला.

तिने हातातला ससा पुढे केला. “मंग तुमीच धरा.”

त्याने धरला, तोही कानांना. सशाने लाथ झाडली आणि तो त्याच्या इस्त्रीच्या शर्टावर मुतला. रविराज किंचाळला, ससा टेबलावर टाकून बाहेर पळाला. गटाराकडे बघावं तसं मनकर्णाने त्या पाठीकडे बघितलं.

इंजेक्शनवाला धसमुसळा निघाला. पहिला ससा ओरडला. ससा सहसा ओरडत नाही.

मनकर्णाने पदर खोचला. “सरक. मी धरते.”

एकेकाला मांडीवर घेऊन, डोळ्यांवर तळवा ठेवून तिने धरलं. पुढे एकही ओरडला नाही. राजेश्वरीमॅडम दाराशी रडत होत्या.

“रडायचं हुतं तर आडवं यायचं,” मनकर्णा मान वर न करता म्हणाली.

दुपारी मांडवात रविराज नव्या शर्टात करुणेवर बोलला. मागे तिचाच मोठा फोटो होता. सत्कारासाठी तिचं नाव पुकारलं, पुन्हा पुकारलं.

ती मागच्या नळाशी बसून साडीवरचे पांढरे केस एकेक करून काढत होती. तिकडे रिकाम्या खुर्चीवर शाल ठेवली गेली आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.